जुन्नरच्या खानाचा प्रश्न आणि त्यानंतरचे

1470 च्या आसपास रशियातल्या त्वेर शहराचा एक व्यापारी चौलच्या बंदरात उतरला आणि घाट चढून जुन्नरला आला. अफनासी निकितिन त्याचं नाव. विकायला म्हणून सोबत एक घोडा आणलेला. जुन्नर तेव्हा बहमनी राज्यात होतं आणि तिथला कारभार असदखानाकडे होता. निकितिननं पावसाळा जुन्नरातच काढला. खानानं त्याचा घोडा काढून घेतला. हा माणूस मुसलमान नाही, रशियाचा ख्रिस्ती आहे हे कळल्यावर खानानं त्याच्यापुढे सौदा ठेवला. आमच्या धर्मात ये, घोडा परत देतो आणि वर हजार मोहरा देतो. नाही आलास तर घोडाही गेला आणि तुझ्याकडूनच हजार मोहरा वसूल करीन. मुदत चार दिवसांची. शेवटी ख्वाजा मुहम्मद नावाचा खोरासानी गृहस्थ मध्ये पडला, खानाकडे रदबदली केली, आणि निकितिनचा घोडाही सुटला, धर्मही.

या प्रवासाचं निकितिननं लिहिलेलं वर्णन उपलब्ध आहे. ख्वाजा अहमद अब्बास यांनी 1957 मध्ये त्यावर ‘परदेसी’ हा चित्रपटही काढला. पण त्या वर्णनातली एक गोष्ट चित्रपटापेक्षा मोलाची आहे. आस्त्राखानजवळ लुटारूंनी निकितिनला लुटलं तेव्हा त्याची धर्मपुस्तकंही गेली. त्यामुळे ईस्टर कधी, उपवास कधी, हेसुद्धा त्याला धड कळेना. पुढे पुढे त्याच्या लिखाणात अरबी, फारसी आणि तुर्की शब्दांच्या प्रार्थना मिसळत गेल्या. तो शेवटी ख्रिस्ती राहिला की नाही यावर अभ्यासकांमध्ये अजून एकमत नाही.

जुन्नरमध्ये ख्रिस्ती श्रद्धेला विचारलेल्या अवघड प्रश्नाची ही जुनी लेखी नोंद. प्रश्न विचारणाऱ्याच्या हाती सत्ता आणि उत्तर देणाऱ्याच्या हाती पुस्तक नाही, अशी तिची मांडणी आहे.

आज पुस्तकं आहेत. पत्रकं आहेत, मोबाइलवर प्रवचनं आहेत, बायबल तर खिशातच आहे. महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या 2011 च्या जनगणनेनुसार 1 टक्क्याहूनही कमी आहे. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत तर एखाद्या वर्गात, एखाद्या कार्यालयात एकटंच ख्रिस्ती कुटुंबातलं माणूस असतं. एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीचं ठाणं जुन्नरला होतं, म्हणजे या भागाला ख्रिस्ती माणूस नवा नाही. तरीही प्रश्न रोज नव्यानं येतात. तुमचा देव एक की तीन? देव होता तर क्रुसावर मेला कसा? आमचे वाडवडील सगळे नरकात गेले काय? बायबल मागाहून बदललेलं आहे ना? ख्रिस्ती झालात, मग जात कशी राहिली? आणि चहाच्या टपरीवर हमखास येणारा, किती पैसे मिळाले?

या प्रश्नांना उत्तर देण्यासाठी सहज हाती लागतं ते बहुतेक इंग्रजीतलं किंवा इंग्रजीवरून उतरवलेलं. सी. एस. लुइस यांची दुसऱ्या महायुद्धातली बीबीसीवरची भाषणं, जी 1952 मध्ये पुस्तकरूपानं एकत्र आली. जोश मॅक्डॉवेल यांचं 1972 चं पुराव्यांचं पुस्तक. ली स्ट्रोबेल यांचं 1998 चं पत्रकारी थाटाचं पुस्तक. ही वाचू नयेत असं मी म्हणणार नाही. लुइस तर लेखक म्हणूनच वाचनीय आहेत. पण या पुस्तकांसमोर बसलेला माणूस लंडनचा किंवा शिकागोचा नास्तिक आहे. देव आहे की नाही, चमत्कार शक्य आहे की नाही, हे त्याचे प्रश्न. मंचरच्या बाजारात भेटणारा माणूस असा नसतो. त्याच्या देव्हाऱ्यात खंडोबा आहे, श्रावणात तो भीमाशंकरला जातो, ओझर आणि लेण्याद्रीचे दोन्ही गणपती त्याच्या पंचक्रोशीतले. देव आहे हे त्याला पटवून द्यावं लागत नाही. त्याचं म्हणणं इतकंच, की देव आहे हे कबूल, पण तो तुमच्याच वाटेनं भेटतो हे कशावरून? या माणसाला विश्वाच्या आदिकारणाचा सिद्धांत ऐकवणं म्हणजे जेवून उठलेल्या पाहुण्यापुढे पुन्हा ताट मांडणं.

म्हणून साधनं तपासताना मी एकच कसोटी लावतो. प्रश्न विचारणाऱ्याचं म्हणणं त्या पुस्तकात पूर्ण जोमानं, त्याच्या शब्दांत आलेलं आहे का? जिथे प्रश्न आधीच पांगळा करून मांडलेला असतो तिथलं उत्तर कितीही चोख असलं तरी बाहेर टिकत नाही. ही कसोटी लावली की ध्यानात येतं, की आपल्याकडे चारशे वर्षांचा साठा पडून आहे आणि त्यातला फार थोडा वापरात आहे.

सुरुवात गोव्यापासून करावी लागते, आणि तिथेच पहिली अडचण येते. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये राशोलला छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या. त्यात श्रोते पाद्रीला शंका विचारतात. आमची जुनी पुराणं तर तुम्ही बंद केलीत, मग आम्ही वाचायचं काय, असा एका ब्राह्मणाचा प्रश्नही त्यात आहे, आणि त्याच प्रश्नातून हे पुराण उभं राहतं. भाषेचा गोडवा अवीट आहे. पण त्या श्रोत्याला ‘मला हे पटत नाही’ म्हणायची मुभा कितपत होती? गोव्यात 1560 पासून इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, बसलेलं होतं. शंका विचारणारा पुराणात शेवटी समाधान पावतो. न पावता तर काय झालं असतं, हे पुराण सांगत नाही. ते सांगायला अ. का. प्रियोळकर लागतात. त्यांचं गोव्याच्या इन्क्विझिशनवरचं इंग्रजी पुस्तक 1961 मध्ये निघालं. ‘धर्म प्रेमाचा म्हणता, मग गोव्यात काय केलंत?’ असं जुन्नरच्या कॉलेजातल्या मुलानं विचारलं तर ख्रिस्ती मित्रानं हे पुस्तक त्याच्या आधी वाचलेलं असावं. ख्रिस्ती प्रकाशनांच्या यादीत ते सापडणार नाही. खानानं निकितिनला घातलेली अट आणि गोव्यातली अट यांत फरक काय, हा प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही.

मोकळा वाद महाराष्ट्रात सुरू झाला तो मुंबईत, 1830 च्या सुमारास. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन आणि मोरोभट दांडेकर यांच्यात जाहीर चर्चा झाल्या. दांडेकरांनी 1831 मध्ये ‘श्रीहिंदुधर्मस्थापना’ लिहून हल्ला परतवला. विल्सननं 1832 मध्ये त्याला उत्तर छापलं. त्या पुस्तकाचं नाव आज वाचवत नाही इतकं उद्दाम आहे, हिंदू धर्माचा पर्दाफाश अशा थाटाचं. मात्र विल्सननं एक काम केलं, जे आजची पत्रकं करत नाहीत. उत्तराच्या आधी दांडेकरांच्या पुस्तिकेचं भाषांतर त्यानं त्याच पुस्तकात छापलं. वाचकापुढे दोन्ही बाजू राहिल्या. साताऱ्याच्या नारायणरावांनी टीका केली, तेव्हा 1834 मध्ये विल्सननं आणखी एक पुस्तक लिहिलं. पुढे 1857 च्या पहिल्या महिन्यांत मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी मिशनऱ्यांना सामोरे गेले. आठवड्यामागून आठवडे, भर गर्दीत. अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन यानं त्या चर्चा इंग्रजीत छापल्या आणि मराठीतही ‘समुद्रकिनारीचा वादविवाद’ पुस्तकरूपानं आला. या दोन्ही ठिकाणी कोण जिंकलं ते वाचून ठरत नाही, आणि तेच त्यांचं मोल. दोन्ही बाजूंचा चढा आवाज आज कानाला खुपतो, हेही खरं.

माझ्या मते या सगळ्या साठ्यात सर्वांत उपयोगी माणूस म्हणजे नीळकंठशास्त्री गोरे. चित्पावन घराण्यातले, 1825 चा जन्म, काशीत वाढलेले. जॉन म्यूर या इंग्रज सरकारच्या अधिकाऱ्यानं 1839 मध्ये ‘मतपरीक्षा’ नावाचा संस्कृत ग्रंथ लिहून ख्रिस्ती मताचा पुरस्कार केला. त्यावर पंडितांनी प्रतिटोले दिले. त्यांतला तरुण गोऱ्यांचा ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा 1844-45 मधला. ख्रिस्ती मताविरुद्धचे आक्षेप इतक्या शिस्तीनं मांडलेला दुसरा ग्रंथ त्या काळात विरळाच. थोड्या वर्षांच्या पापाला अनंत काळचा नरक कोणत्या न्यायानं? जन्मतःच आंधळं मूल किंवा आयुष्यभर मार खाणारं जनावर, त्यांच्या दुःखाचा हिशेब कर्मसिद्धांताशिवाय कसा लावणार? हेच प्रश्न आज नारायणगावच्या पारावर विचारले जातात, फक्त संस्कृतात नाही.

ग्रंथ लिहून तीन-चार वर्षं झाली आणि 1848 मध्ये याच गोऱ्यांनी जौनपूरला बाप्तिस्मा घेतला. नंतर ‘षड्दर्शनदर्पण’ लिहून उलट बाजूनं सहा दर्शनांची चिकित्सा केली. म्हणजे हल्ला आणि बचाव दोन्ही एकाच माणसाच्या लेखणीतले. आणि बाप्तिस्म्यानंतरही शंकांनी त्यांची पाठ सोडली नाही; 1895 मध्ये मुंबईत निधन होईपर्यंत त्यांचं मन स्वतःशीच वाद घालत राहिलं. अशा माणसाच्या उत्तरावर प्रश्नकर्ता पटकन हसू शकत नाही. दुर्दैव असं, की ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ 1951 मध्ये उज्जैनहून छापला गेला तो संस्कृतात, त्यावरचा रिचर्ड फॉक्स यंग यांचा उत्तम अभ्यास इंग्रजीत, आणि मराठी मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, गोरे नावापुरते उरले आहेत. त्या आक्षेपांचं सोपं मराठी आणि शेजारी ख्रिस्ती उत्तरं, असं शंभर पानांचं पुस्तक कुणी काढलं तर अनेक परदेशी भाषांतरांची गरज उरणार नाही.

नरकाच्या प्रश्नाबद्दल एक व्यवहाराची गोष्ट इथेच सांगतो. हाती आलेलं पुस्तक कोणत्या मंडळीचं आहे ते आधी पाहावं. ख्रिस्ताचं नाव न ऐकता गेलेल्या आजोबांचं काय, याला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरचा कॅथलिक पाद्री एक उत्तर देईल. 1964 आणि 1965 च्या त्या परिषदेच्या दस्तऐवजांत इतर धर्मांतल्या सत्याचा आदर आणि त्यांच्या अनुयायांच्या तारणाची शक्यता आहे. कडव्या इव्हँजेलिकल गटाचं पत्रक बरोब्बर विरुद्ध सांगेल. दोन्हींवर ‘बायबलचं उत्तर’ असंच लिहिलेलं असतं. घोडा घेऊन आलेल्या परक्या व्यापाऱ्याची गोष्ट वेगळी होती. आज आपल्याला कुणाचं उत्तर वाचतो आहोत हे तपासायला सवड आहे.

इतके पंथ कशाला, या प्रश्नानं पंडिता रमाबाईंनाही छळलं होतं. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरची काही वर्षं सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनमच्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार चालला. त्रैक्य म्हणजे नेमकं काय, ख्रिस्ताला देव म्हणण्याचा आधार कोणता, चर्चची आज्ञा माझ्या सदसद्विवेकापेक्षा मोठी का मानायची, असे प्रश्न त्या एकामागून एक टाकत राहिल्या. क्रुसावर लॅटिन अक्षरं का, संस्कृत का नकोत, हेही त्यांनी विचारलं. गुरुस्थानी असलेल्या जेराल्डीनबाई दुखावल्या, चिडल्या. रमाबाई हटल्या नाहीत. ए. बी. शहा यांनी संपादित केलेला हा पत्रसंग्रह महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं 1977 मध्ये काढला. सरकारी मंडळानं काढलेलं हे पुस्तक त्रैक्यावरच्या कितीतरी धर्मशास्त्रीय पुस्तकांपेक्षा कामाचं आहे, कारण त्यात शंका घेणारी बाई स्वतः ख्रिस्ती आहे आणि तिला गप्प बसवायचा प्रयत्नही पानापानांवर दिसतो. ज्या ख्रिस्ती मुलीला घरात ‘असले प्रश्न विचारू नयेत’ असं सांगितलं जातं तिच्या हाती हे द्यावं. पुस्तक इंग्रजीत आहे, ही त्याची मर्यादा.

रमाबाईंचं मुक्ती मिशन आपल्याच जिल्ह्यात, दौंड तालुक्यातल्या केडगावला. तिथेच त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल उतरवलं; 1922 मध्ये त्यांच्या निधनाच्या सुमारास ते पुरं झालं आणि नंतर छापलं गेलं. सामान्य बाईला बायबल कळत नसेल तर उत्तरं देऊन उपयोग नाही, हे त्यांना नेमकं कळलं होतं. तीच तळमळ पुढे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’मध्ये दिसते. ज्याला बायबल पहिल्यांदाच उघडायचं आहे अशा मराठी वाचकाला मी तेच सुचवीन. दिब्रिटो वसईचे, एकेकाळी ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक आणि 2020 च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, त्यामुळे त्यांची मराठी मंडळीच्या भिंतीआड अडकलेली नाही.

‘तुमचा धर्म परदेशी’ या आक्षेपावर फार लिहायची गरज नाही. नारायण वामन टिळकांचे अभंग आणि लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ एवढं पुरे. लक्ष्मीबाईंचं पुस्तक मुद्दाम यादीत ठेवतो. 1895 मध्ये नवरा ख्रिस्ती झाला, तेव्हा त्यांचा संताप, वेगळं राहणं, सोवळं आणि मग हळूहळू झालेला बदल, सगळं त्यांनी हसत आणि रडत लिहून ठेवलं आहे. धर्मांतरामुळे मोडू पाहणाऱ्या संसाराचं इतकं प्रामाणिक वर्णन धर्मग्रंथांत मिळत नाही. टिळकांनी 1917 मध्ये ‘देवाचा दरबार’ काढला तो मंडळीच्या पाश्चात्त्य चौकटीला कंटाळूनच.

इतिहासाचे आणि ग्रंथाचे प्रश्न तुलनेनं सोपे, कारण तिथे तपासता येतं. ‘बायबल बदललं’ या आक्षेपाचा एक भाग खरा आहे. मार्काच्या शुभवर्तमानातली शेवटची बारा वचनं आणि योहानातली व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची गोष्ट सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाहीत. चांगल्या आवृत्त्यांत तशी टीप असते. ती लपवणारं पुस्तक बाजूला ठेवावं. टीप वाचून घाबरणाऱ्याला इतर हजारो जागी हस्तलिखितं कशी जुळतात तेही दाखवावं. येशू भारतात आला होता, ही गोष्ट मराठी घरांत फार लाडकी आहे. तिचा उगम निकोलस नोटोविचच्या 1894 मधल्या पुस्तकात आहे. मॅक्स म्युलर यांनी त्याच वर्षी त्याची खिल्ली उडवली, आणि पुढच्या वर्षी लडाखच्या हेमिस मठात प्रत्यक्ष जाऊन आलेल्या डग्लस नावाच्या गृहस्थांना तिथल्या लामानं असा कुणी आला नव्हता, असा ग्रंथही नाही, असं स्पष्ट सांगितलं. बाबाराव सावरकरांचं ख्रिस्ताला हिंदू ठरवणारं पुस्तक 1946 मध्ये निघालं. त्यांचा राष्ट्रकार्यातला त्याग मोठा, पण हे पुस्तक इतिहास म्हणून टिकत नाही. यावर वेळ घालवू नये.

विज्ञानाचा प्रश्न या भागात वेगळ्याच थाटात येतो, कारण जुन्नर तालुक्यातल्या खोडदला जीएमआरटीच्या रेडिओ दुर्बिणी आहेत. 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. विज्ञान दिनाला शाळेची मुलं तिकडे जातात आणि परत येऊन विचारतात, सहा दिवसांत सृष्टी झाली म्हणता, मग हे कोट्यवधी वर्षांचे संदेश कसले? सहा दिवस म्हणजे चोवीस तासांचेच, असं ठासून सांगणारी पत्रकं या मुलांच्या हाती देऊ नयेत; मुलं दुर्बिणीवर विश्वास ठेवतील आणि पत्रकासोबत श्रद्धाही टाकून देतील. त्यापेक्षा जॉर्ज लमेत्र यांची गोष्ट सांगावी. हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू. विश्व प्रसरण पावत आहे हे त्यांनी 1927 मध्ये गणितानं मांडलं आणि 1931 मध्ये आदिम अणूची कल्पना पुढे आणली. 1951 मध्ये पोप बारावे पायस यांनी या सिद्धांतातून उत्पत्तीला जणू पुरावाच मिळाला अशा अर्थाचं भाषण केलं, तेव्हा सर्वांत अस्वस्थ झाले ते लमेत्रच. विज्ञानाच्या आजच्या सिद्धांतावर उद्याची श्रद्धा टांगू नये, असा त्यांचा आग्रह होता.

दुःखाचा प्रश्न मात्र पुस्तकानं सुटत नाही, आणि सोडवायचा प्रयत्न करणाऱ्यांबद्दल मला थोडा राग आहे. 30 जुलै 2014 च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला. दीडशेहून अधिक माणसं गेली. अशा वेळी ‘पापाची शिक्षा’ म्हणणारे सगळ्याच धर्मांत असतात. ख्रिस्ती माणसाकडे यावर बायबलमधलीच दोन ठिकाणं आहेत, जी तयार उत्तरांच्या पुस्तकांत क्वचित येतात. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेल्याची बातमी आहे. ती माणसं इतरांपेक्षा पापी होती असं समजू नका, असंच येशू सांगतो. आणि दुसरं ठिकाण म्हणजे दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र. ते पहिले सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसले, तेवढं त्यांचं बरोबर होतं. बोलायला लागले, स्पष्टीकरणं द्यायला लागले, आणि ग्रंथाच्या शेवटी देवानं त्यांनाच दोषी ठरवलं. माळीणला ज्याचं माणूस गेलं त्याच्यासमोर लुइस किंवा कोणीही उघडून बसायचं नाही.

ही साधनं मिळवायची कुठून? आंबेगाव आणि जुन्नरमधून पुणे गाठणं हाच मार्ग. नगर रस्त्यावर जेझुइटांचं ज्ञानदीप विद्यापीठ आहे, तिथलं ग्रंथालय धर्म आणि तत्त्वज्ञानासाठी नामांकित. बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, जी 1983 मध्ये यवतमाळहून पुण्यात आली. तिथला कल इव्हँजेलिकल. शनिवार पेठेतलं स्नेहसदन हिंदू-ख्रिस्ती संवादाचं जुनं ठिकाण. नियतकालिकांत 1842 पासूनचा ‘ज्ञानोदय’ आणि 1903 पासूनचा ‘निरोप्या’ अजून चालू आहेत, आणि त्यांतला वाचकांचा पत्रव्यवहार कधीकधी मुख्य लेखांपेक्षा बोलका असतो. तालुक्याच्या वाचनालयात मराठी विश्वकोशाचे खंड असतातच; ख्रिस्ती धर्मावरची त्यांतली नोंद कोणत्याही मंडळीच्या बाजूची नाही, म्हणून हिंदू वाचकानं तिथून सुरुवात करायला हरकत नाही.

वक्त्यांच्या बाबतीत एक सावधगिरी. भारतात जन्मलेले आणि जगभर गाजलेले ख्रिस्ती वादपटू रवी झकारायस यांची भाषणं आपल्याकडेही खूप ऐकली गेली. 2020 मध्ये त्यांचं निधन झालं आणि फेब्रुवारी 2021 मध्ये त्यांच्याच संस्थेनं नेमलेल्या चौकशीच्या अहवालातून त्यांच्या लैंगिक गैरवर्तनाचे तपशील बाहेर आले. युक्तिवाद कोण करतो यावर त्याची सत्यता ठरत नाही हे तर्काला पटतं. पण ज्या मुलानं त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवून कॉलेजात वाद जिंकले होते, त्याला हे तर्कशास्त्र पुरत नाही. मोठ्या व्यासपीठावरच्या एका माणसावर सगळी उत्तरं उभी करू नयेत.

शेवटी जात आणि पैसा. इथे ख्रिस्ती साधनं सर्वांत लंगडी आहेत आणि सर्वांत भक्कम प्रश्न महाराष्ट्रातूनच आलेला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे धर्मांतरितांच्या स्थितीवरचे निबंध सरकारनं छापलेल्या त्यांच्या समग्र लेखनाच्या पाचव्या खंडात आहेत. धर्म बदलूनही चर्चमध्ये जात का टिकली, आणि मिशनऱ्यांच्या शाळा-दवाखान्यांचा लाभ वरच्या जातींना किती नि गरीब ख्रिस्ती माणसाला किती, असं त्यांनी नाव घेऊन विचारलं आहे. मराठी धर्मशास्त्रज्ञ अरविंद निर्मळ यांनी 1981 मध्ये बंगळुरूच्या व्याख्यानातून उत्तराची सुरुवात केली आणि त्यातून दलित धर्मशास्त्राची वाट निघाली. ती वाट धर्मशास्त्राच्या विद्यालयांच्या अभ्यासक्रमात गेली. गावच्या रविवारच्या उपदेशात फारशी उतरली नाही.

पैशाच्या आरोपावर जानेवारी 1994 मध्ये पुण्यातच एक ठळक प्रसंग घडला. कॅथलिक बिशपांच्या परिषदेनं ईशवाणी केंद्रातल्या बैठकीत अरुण शौरींना बोलावलं आणि मिशनऱ्यांच्या कामाचं मूल्यमापन करायला सांगितलं. त्यांनी ते इतकं कठोर केलं की त्याचं त्याच वर्षी पुस्तक झालं. विशाल मंगलवाडी यांनी 1996 मध्ये पत्ररूपानं प्रत्युत्तर दिलं. दोन्ही पुस्तकं एकत्र वाचावीत, एक वाचून थांबू नये. टीकाकाराला स्वतःहून घरी बोलावण्याचं धाडस ज्यांनी दाखवलं त्यांचं कौतुकही करावं. सोबत सर्वोच्च न्यायालयाचा 1977 चा स्टॅनिस्लॉस खटला माहीत असावा: संविधानानं धर्मप्रसाराचा हक्क दिला आहे, पण दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात येत नाही, असा तो निकाल.

घोडेगावच्या पश्चिमेला, महादेव कोळी वस्त्यांत हा प्रश्न कागदपत्रांच्या रूपात येतो. ख्रिस्ती झालो तर दाखला जाईल का? अनुसूचित जमातीच्या यादीला धर्माची अट नाही. 1950 च्या अनुसूचित जातींच्या आदेशाला आहे. त्यात 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर आहेत. त्या प्रश्नासाठी ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्रानं न्यायमूर्ती बालकृष्णन आयोग नेमला. या साध्या माहितीचं एक पान कोणत्याही मंडळीच्या दारात लावता येईल. चर्चमध्ये जात का टिकली या आंबेडकरांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र त्या मंडळीच्या लग्नांच्या नोंदवहीत शोधावं लागतं, आणि ती वही बाहेरच्या माणसाला दाखवायची तयारी असलेले पाद्री मोजकेच भेटतात.